मीटिंग नेमकी किती वाजता? परदेशातली वेळ आपल्या वेळेत कशी बदलायची

समजा, न्यूयॉर्कच्या एका कंपनीकडून ऑनलाइन इंटरव्ह्यूचा मेल आला आहे. त्यात लिहिलंय: ‘गुरुवार, १२ मार्च २०२६, सकाळी १०, ईएसटी.’ तुम्ही नाशिकमध्ये आहात. लॅपटॉप उघडून किती वाजता बसायचं?

बरेच जण पटकन सर्च करतात, ‘ईएसटी भारतापेक्षा साडेदहा तास मागे’ असं उत्तर मिळतं आणि रात्री साडेआठचा अलार्म लावून मोकळे होतात. पण इंटरव्ह्यू बहुधा साडेसातलाच सुरू होणार आहे. कारण ८ मार्चच्या रविवारी न्यूयॉर्कची घड्याळं एक तास पुढे गेली आणि मेल लिहिणाऱ्याने सवयीने ‘ईएसटी’ असंच लिहिलं. साडेआठला तुम्ही लिंकवर क्लिक कराल, तेव्हा तिकडे ‘उमेदवार आला नाही’ अशी नोंद होऊन गेलेली असेल. एवढी तयारी करून नोकरीची संधी एका तासाने हुकायची!

नाशिकमध्ये घरून परदेशी क्लायंटचं काम करणारे, बाहेरच्या विद्यापीठांचे ऑनलाइन इंटरव्ह्यू देणारे, द्राक्षं निर्यात करणारे, आणि ज्यांची भावंडं परदेशात आहेत असे खूप जण आहेत. या सगळ्यांसाठी हा लेख आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: दोन देशांमधला ‘तासांचा फरक’ पाठ करू नका. तो वर्षभर सारखा राहीलच असं नाही. वेळ विचारताना आणि सांगताना नेहमी शहर आणि तारीख या दोन गोष्टी सोबत ठेवा.

यूटीसी म्हणजे काय आणि आपले साडेपाच तास कुठून आले?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. सगळा हिशोब या एका गणितावर उभा आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद झाली आणि इंग्लंडमधल्या ग्रिनिचमधून जाणारं रेखावृत्त शून्य धरायचं असं ठरलं. तिथल्या वेळेला आपण जीएमटी म्हणतो. आज जगभरातले कॉम्प्युटर यूटीसी नावाची वेळ वापरतात. ती अणुघड्याळांवर चालते, पण रोजच्या कामापुरतं यूटीसी आणि जीएमटी एकच समजायला हरकत नाही.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवली आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातं. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. म्हणून आपली वेळ ‘यूटीसी अधिक ५:३०’. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली.

त्याआधी काय होतं? गावोगावी सूर्याप्रमाणे स्थानिक वेळ होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची. नाशिकचं रेखावृत्त साधारण ७३.८ अंश आहे. गणित करून बघा: नाशिकची सूर्यावरची खरी वेळ आपल्या मोबाइलवरच्या वेळेपेक्षा जवळपास ३५ मिनिटं मागे आहे. म्हणूनच नाशिकमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबारा वाजून गेलेले असतात. मुंबईला तर स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ आल्यावरही तो लगेच गेला नाही. शहरात काही ठिकाणी १९५५ पर्यंत तो चालू राहिला. म्हणजे ‘चार वाजता भेटू’ असं म्हटलं की ‘कोणते चार?’ हा प्रश्न मुंबईकरांना त्या काळीही पडत होता.

सगळ्या देशांचा फरक पूर्ण तासांचा नसतो हेही लक्षात ठेवा. आपला साडेपाच, नेपाळचा पावणेसहा, अफगाणिस्तानचा साडेचार, म्यानमारचा साडेसहा. न्यूझीलंडजवळच्या चॅटहॅम बेटांचा तर पावणेतेरा तासांचा आहे. आपल्याला साडे-पावणेची सवय आहे, त्यामुळे हे आकडे तोंडी धरणं जड जात नाही.

घड्याळ पुढे-मागे का होतं?

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियाचा काही भाग अशा ठिकाणी उन्हाळ्यात दिवस खूप मोठा होतो. संध्याकाळचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून तिथे घड्याळं एक तास पुढे करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत मागे घेतात. याला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. भारतात आज असं काही नाही. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, आपलीही घड्याळं एक तास पुढे होती.

गोंधळ होतो तो याच्यामुळे, कारण प्रत्येकाची तारीख वेगळी. सध्याचे नियम असे आहेत:

अमेरिका: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर.

ब्रिटन आणि युरोपीय संघातले देश: मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

सिडनी आणि मेलबर्न: इथे ऋतू उलटे, त्यामुळे तारखाही उलट्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ५ एप्रिलला मागे आणि ४ ऑक्टोबरला पुढे.

घड्याळ बदलत नाही अशी ठिकाणं: भारत, दुबई, सिंगापूर, जपान, चीन.

आता नीट बघा. ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत अमेरिका पुढे गेलेली आहे, पण युरोप अजून जागेवरच आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात युरोप मागे आला, पण अमेरिका अजून यायची आहे. या दिवसांत न्यूयॉर्क आणि लंडनमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांचा होतो. तीन देशांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी एक तास लवकर किंवा उशिरा येतो, तो बहुतेक वेळा याच दिवसांत. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने ‘तपासून बघायचे’ म्हणून डोक्यात पक्के करा.

आणखी एक खोच. एका देशातही सगळीकडे एकच नियम असतो असं नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग आणि हवाई, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन असलेलं क्वीन्सलंड राज्य घड्याळ बदलत नाहीत. म्हणून ‘अमेरिकेची वेळ काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणतं शहर ते विचारा.

भारतापासूनचा फरक एका नजरेत

खाली ‘हिवाळा’ आणि ‘उन्हाळा’ हे त्या त्या शहराचे आहेत, आपले नाहीत.

न्यूयॉर्क: हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे.
सॅन फ्रान्सिस्को: हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा तास मागे.
लंडन: हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार तास मागे.
बर्लिन, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम: हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास मागे.
दुबई: वर्षभर दीड तास मागे.
सिंगापूर: वर्षभर अडीच तास पुढे.
टोकियो: वर्षभर साडेतीन तास पुढे.
सिडनी: हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे.

हातानं हिशोब कसा करायचा?

ॲप आहेच, पण उत्तर बरोबर आलंय की नाही हे आपल्याला कळायला हवं. कोणत्याही दोन शहरांसाठी एकच पद्धत वापरा: आधी समोरची वेळ यूटीसीत आणा, मग यूटीसीतून आपल्या वेळेत. मध्ये उडी मारू नका आणि २४ तासांचं घड्याळ वापरा.

सुरुवातीचं उदाहरण घेऊ. १२ मार्चला न्यूयॉर्क यूटीसीपेक्षा ४ तास मागे आहे, कारण उन्हाळी वेळ सुरू झाली आहे. सकाळचे १० अधिक ४ म्हणजे यूटीसी १४:००. त्यात आपले ५:३० मिळवले की १९:३०, म्हणजे संध्याकाळचे साडेसात. हाच इंटरव्ह्यू ५ मार्चला असता तर न्यूयॉर्क ५ तास मागे असतं, यूटीसी १५:०० झाले असते आणि आपले रात्रीचे साडेआठ. एकाच आठवड्याच्या अंतराने उत्तर बदललं.

तोंडी हिशोबासाठी काही युक्त्या आहेत.

न्यूयॉर्कसाठी आपल्या वेळेत सकाळ-संध्याकाळ उलटी करा आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास मिळवा. उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ७:३० वाजले असतील तर सकाळचे ७:३० धरा, त्यात अडीच तास मिळवा: सकाळचे १०.

सॅन फ्रान्सिस्कोसाठीही उलटं करा, पण हिवाळ्यात दीड तास आणि उन्हाळ्यात अर्धा तास वजा करा. हिवाळ्यात आपले रात्रीचे ९:३० म्हणजे तिकडे सकाळचे ८.

लंडनची युक्ती सगळ्यात मजेशीर आहे. काट्यांचं घड्याळ घ्या आणि ते उलटं धरा, वरची बाजू खाली. आता त्याच्यावर आकडे नाहीत असं समजून वाचा. नाशिकमध्ये दुपारचे ३ वाजलेत: छोटा काटा ३ वर, मोठा १२ वर. उलटं केल्यावर छोटा काटा ९ च्या जागी दिसतो आणि मोठा ६ च्या जागी. म्हणजे साडेनऊ. लंडनची हिवाळ्यातली वेळ तीच! ही जादू नाही, गणित आहे. घड्याळ अर्धं फिरवलं की तास काटा सहा तासांनी सरकतो आणि मिनिट काटा तीस मिनिटांनी. सहा तास मागे आणि अर्धा तास पुढे, म्हणजे बरोबर साडेपाच तास मागे. उन्हाळ्यात फक्त त्यात एक तास मिळवायचा.

‘शुक्रवारी रात्री साडेबारा’ म्हणजे कोणता दिवस?

तासांपेक्षा मोठी चूक होते ती तारखेची. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी ११ वाजता मीटिंग आहे. साडेतेरा तास मिळवले की आपल्याकडे रात्रीचे १२:३० होतात आणि वार होतो शनिवार.

पण आपण बोलताना काय म्हणतो? ‘शुक्रवारी रात्री साडेबाराला.’ कारण आपल्या पंचांगाच्या पद्धतीत वार सूर्योदयाला बदलतो आणि आपल्या बोलण्यातही तीच सवय आहे. झोपून उठेपर्यंत आपल्यासाठी शुक्रवारच असतो. मोबाइल मात्र रात्री १२ वाजता तारीख बदलतो. तुम्ही रिमाइंडर ‘शुक्रवार, १२:३० एएम’ असा लावलात, तर तो गुरुवारची रात्र संपल्यावर वाजेल, पूर्ण एक दिवस आधी. पीएम लावलात तर शुक्रवारी भरदुपारी वाजेल. म्हणून मध्यरात्रीच्या आसपासची वेळ कळवताना दोन्ही वार लिहा: ‘शुक्रवारची रात्र संपताना, शनिवारी ००:३०’. आणि फॉर्म भरायची शेवटची मुदत कुणाला कळवायची असेल तर ‘रात्री १२’ लिहू नका, ‘२३:५९’ लिहा. वाद संपला.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर परदेशातल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट. तिथी सुरू होण्याचा क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो. पण त्या क्षणी इथे जी तारीख आणि वेळ असते, ती न्यूयॉर्कमध्ये नसते, आणि सूर्योदयही वेगळ्या वेळी होतो. त्यामुळे इथल्या पंचांगात छापलेली वेळ तिकडे जशीच्या तशी चालत नाही. एखादा सण तिकडे एक दिवस आधीच्या तारखेला येऊ शकतो. बहिणीला कॅलिफोर्नियात पूजेची वेळ कळवायची असेल तर कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवून भागणार नाही. तिच्या शहराचं पंचांग बघायला हवं.

दर आठवड्याच्या मीटिंगचा घोळ: द्राक्षाचं उदाहरण

नाशिक जिल्ह्यातली निफाड, दिंडोरी भागातली द्राक्षं युरोपात जातात आणि त्यातला मोठा भाग नेदरलँड्समार्गे. निर्यातीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. म्हणजे युरोपचं घड्याळ बदलतं ते ऐन हंगामात.

समजा, पिंपळगाव बसवंतच्या एका निर्यातदाराचा रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी दर सोमवारी कॉल असतो, तिकडच्या सकाळी साडेनऊला. २३ मार्च २०२६ च्या सोमवारी हा कॉल आपल्याकडे दुपारी २ ला होईल. पुढच्या सोमवारी, ३० मार्चला, तोच कॉल दुपारी १ ला. कोणीही वेळ बदललेली नाही, तरी बदलली. त्या कॉलवर जर कोणता कंटेनर कधी भरायचा, पॅकहाऊसमध्ये किती माल काढायचा हे ठरत असेल, तर एका तासाची चुकामूक महागात पडते. तोडलेली द्राक्षं आणि न्हावा शेवाचं जहाज, दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत.

आता यातलं तांत्रिक कारण समजून घ्या. कॅलेंडर ॲपमध्ये दर आठवड्याला येणारी मीटिंग कोणत्या तरी एका टाइम झोनला बांधलेली असते. सहसा ज्याने ती तयार केली, त्याच्या झोनला. खरेदीदाराने रॉटरडॅममध्ये तयार केली असेल तर तिकडे कायम साडेनऊ राहतील आणि आपल्याकडची वेळ सरकेल. नाशिकमध्ये तयार केली असेल तर आपले २ कायम राहतील आणि २९ मार्चनंतर तिकडे साडेदहा दिसतील. दोन्ही बरोबरच आहे. पण कोणाची वेळ पक्की आणि कोणाची सरकणार, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

आयएसटी, सीएसटी, बीएसटी: या आखूड नावांवर विश्वास ठेवू नका

आयएसटी म्हणजे आपल्याला भारतीय प्रमाणवेळ वाटते. पण आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही आयएसटी म्हणतात आणि इस्रायलच्या प्रमाणवेळेलाही. सीएसटी म्हणजे अमेरिकेची मध्य विभागाची वेळ, किंवा चीनची. मुंबईच्या माणसाला तर आधी स्टेशन आठवेल. बीएसटी म्हणजे ब्रिटनची उन्हाळी वेळ, किंवा बांगलादेशची.

ईएसटी आणि ईडीटी, पीएसटी आणि पीडीटी यांच्यातला फरक तर बहुतेक अमेरिकी लोकही पाळत नाहीत. मधला ‘एस’ म्हणजे हिवाळ्यातली प्रमाणवेळ आणि ‘डी’ म्हणजे उन्हाळ्यातली. पण सवयीने बारा महिने ‘ईएसटी’च लिहिलं जातं. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबरदरम्यान कुणी ईएसटी किंवा पीएसटी लिहिलं, तर एका ओळीचा मेल करा: ‘म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे १०, नाशिकचे संध्याकाळचे ७:३०, बरोबर ना?’ हे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. उलट समोरच्याला कळतं की माणूस काळजीपूर्वक काम करतो.

मोबाइलमध्ये काय करून ठेवायचं?

एक, तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप वेळ’ आणि ‘आपोआप टाइम झोन’ चालू ठेवा. काही जण गेममध्ये जास्त लाइफ मिळवायला घड्याळ हाताने पुढे करतात आणि तसंच ठेवून देतात. मग व्हॉट्सॲप तारीख चुकीची असल्याची सूचना देतं, वेबसाइट उघडताना सुरक्षेची एरर येते आणि ऑथेंटिकेटर ॲपचे सहा आकडी कोड चालत नाहीत. कारण ते कोड साधारण दर ३० सेकंदांनी बदलतात आणि बरोबर वेळेवरच अवलंबून असतात.

दोन, क्लॉक ॲपमधल्या वर्ल्ड क्लॉकमध्ये तुमच्या कामाची शहरं टाकून ठेवा. पण एक लक्षात घ्या: वर्ल्ड क्लॉक ‘आत्ता’ तिकडे किती वाजलेत तेवढंच सांगतं. पुढच्या महिन्यातल्या मीटिंगसाठी आजचा फरक वापरू नका, मध्ये घड्याळ बदललेलं असू शकतं. पुढची तारीख असेल तर त्या तारखेसह वेळ बदलून देणारं साधन वापरा.

तीन, सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कॅलेंडर इन्व्हाइट. गुगल कॅलेंडर असो की आयफोनचं कॅलेंडर, इव्हेंट तयार करताना टाइम झोन निवडता येतो. तिथे समोरच्याचं शहर निवडा, त्यांची वेळ जशी सांगितली तशी टाका आणि सेव्ह करा. तुमच्या मोबाइलवर ती नाशिकच्या वेळेत दिसेल, त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या वेळेत. हिशोब ॲप करेल. व्हॉट्सॲपवर ‘उद्या ९ ला’ असं लिहून पाठवलं तर ते ९ जसेच्या तसे पोचतात, कोणाचे ते कुणालाच कळत नाही.

चार, कॉम्प्युटरवर गुगल कॅलेंडर वापरत असाल तर सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन दाखवायची सोय आहे. डाव्या बाजूला दोन्ही वेळा शेजारी दिसतात.

वेळ निवडताना: कोणाची झोप जाणार?

वेळ बरोबर बदलता आली तरी चांगली वेळ निवडणं हा वेगळा विषय आहे.

लंडनबरोबर काम सोपं आहे. हिवाळ्यात आपले दुपारी २:३० ते ६ दोन्हीकडच्या ऑफिसच्या वेळेत बसतात. न्यूयॉर्कचे लोक सकाळी लवकर तयार असतील तर आपली संध्याकाळ पुरते. उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६ म्हणजे तिकडे सकाळचे ८:३०. सिडनीसाठी आपली सकाळ ठीक, कारण दुपार झाली की त्यांचं ऑफिस सुटतं.

सॅन फ्रान्सिस्को मात्र अवघड. दोन्हीकडे १० ते ६ अशी वेळ धरली तर एक मिनिटही जुळत नाही. मग दोनच पर्याय उरतात. आपली रात्र आणि त्यांची सकाळ: ९:३० ला बसलात तर हिवाळ्यात तिकडे ८ वाजलेले असतात. किंवा आपली सकाळ आणि त्यांची आदल्या दिवसाची संध्याकाळ: आपले ८ म्हणजे हिवाळ्यात तिकडे ६:३०. लंडनलाही जोडायचं असेल तर रात्री ९:३० च बरी, तेव्हा लंडनला हिवाळ्यात दुपारचे ४ असतात.

नव्याने कामाला लागलेली आपली मुलं बहुतेक वेळा ‘मला कोणतीही वेळ चालेल’ असं म्हणतात आणि मग वर्षभर रात्री बारापर्यंत जागतात. असं करू नका. एक महिना आपली रात्र, एक महिना त्यांची संध्याकाळ, अशी पाळी सुचवा. नम्रपणे विचारलं तर बहुतेक टीम ऐकतात. पण विचारावं आपल्यालाच लागतं, कारण तुमच्याकडे किती वाजलेत हे समोरच्याच्या डोळ्यांपुढे नसतं.

मोबाइलला हे सगळं कसं कळतं?

ज्यांना कोडिंगमध्ये रस आहे त्यांच्यासाठी थोडं आतलं. जगातल्या सगळ्या टाइम झोनचे आजचे आणि जुने नियम एका सार्वजनिक डेटाबेसमध्ये असतात. त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. त्यात नावं देशांची नाहीत, शहरांची आहेत. आपल्या अख्ख्या देशाचा झोन ‘आशिया/कोलकाता’ आहे. सेटिंगमध्ये नाशिक सापडलं नाही तर घाबरू नका, कोलकाता निवडा.

सरकारं ऐनवेळी नियम बदलतात तेव्हा या डेटाबेसची परीक्षा होते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळ पुढे करायचा दिवस अगदी तोंडावर आल्यावर पुढे ढकलला. काहींनी ते मानलं, काहींनी नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. शेवटी सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणून फोनचे अपडेट टाळू नका, त्यात हे नियमही असतात.

बहुतेक कॉम्प्युटर आतमध्ये वेळ सेकंदांत मोजतात, १ जानेवारी १९७० ला यूटीसी शून्य वाजल्यापासून. एखाद्या जुन्या फाइलवर ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ अशी तारीख दिसली असेल तर त्याचं कारण हेच. सेकंदांचा आकडा शून्य आहे, त्यात आपले साडेपाच तास मिळवून मोबाइलने दाखवला.

ॲप बनवत असाल तर हा नियम पाळा: घडून गेलेल्या गोष्टीची वेळ यूटीसीत साठवा. पुढे होणाऱ्या मीटिंगची मात्र स्थानिक वेळ आणि शहराचा झोन, दोन्ही साठवा, कारण मधल्या काळात नियम बदलू शकतो. आणि दिवस २४ तासांचाच असतो असं गृहीत धरू नका. ८ मार्च २०२६ ला न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे अडीच वाजणारच नाहीत. १ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजेल.

मीटिंग कळवायचा नमुना

पुढच्या वेळी वेळ कळवाल तेव्हा असा मेसेज पाठवा:

‘गुरुवार, १२ मार्च २०२६. न्यूयॉर्क सकाळी १०:००, नाशिक संध्याकाळी ७:३०, यूटीसी १४:००. कॅलेंडर इन्व्हाइट सोबत पाठवत आहे.’

वार, तारीख, दोन्ही शहरं आणि यूटीसी. एखादा आकडा चुकला तरी बाकीच्यांशी जुळणार नाही आणि चूक मीटिंगच्या आधीच पकडली जाईल. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरची मीटिंग असेल तर आदल्या दिवशी एकदा परत तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.